भाऊबंदकी निवळण्याची तंजावरी कृती

साहित्य: न बोलणारा भाऊ एक, वडिलांच्या मिळकतीचे कागद, दोन्ही घरांत ऊठबस असलेला एखादा जुना माणूस, आणि भावजय. घाई असेल तर या वाटेला जाऊच नये.

मूळ कृती शिवाजी महाराज आणि त्यांचे सावत्र भाऊ, तंजावरचे व्यंकोजीराजे यांची. शहाजीराजे १६६४ मध्ये गेले आणि वाटणी तशीच राहिली. कृती पहिल्याच पायरीला बिघडली होती, म्हणून तिथूनच सुरुवात.

१. पाहुणचारात हिशेब काढू नका. १६७७ मध्ये महाराजांनी व्यंकोजींना कोळ्ळिडम नदीकाठी तिरुमळवाडीला भेटीस बोलावलं. काही दिवस आदरातिथ्य झालं, मग वाट्याची गोष्ट निघाली. व्यंकोजी एका रात्री गुपचूप नदी ओलांडून तंजावरला निघून गेले. आमच्याकडे दिवाळीच्या फराळाला विहिरीच्या पाण्याची पाळी निघाली. अर्धी चकली ताटात टाकून भाऊ उठला, तो दोन वर्षं आमच्या उंबऱ्यात आला नाही.

२. ज्याची बाजू वरचढ, त्याने आधी लिहावं. त्याच वर्षी नोव्हेंबरात व्यंकोजींची फौज महाराजांच्या लोकांवर चालून गेली आणि हरली. महाराजांनी त्यानंतर पत्र लिहिलं; खडसावलं, पण बोलणं तोडलं नाही. पत्रात राग आला तर येऊ द्या. 'आपलं नातं संपलं' एवढं मात्र लिहू नका.

३. मध्यस्थ शोधा. तो निःपक्षपाती मिळणार नाही, नाद सोडा. इथे मध्यस्थ होते रघुनाथपंत हणमंते. त्यांचे वडील शहाजीराजांचे कारभारी. पंत स्वतः व्यंकोजींकडे कारभार करून, बिनसलं म्हणून महाराजांकडे आलेले. पण कोणता कागद कुठल्या दप्तरात आहे, हे त्यांना ठाऊक होतं.

४. भावजयीला विसरू नका. व्यंकोजींचं मन वळवलं ते त्यांच्या पत्नी दीपाबाईंनी, असं सांगतात. मग दोघा भावांत तह झाला; त्यात बंगळूरकडचा मुलूख महाराजांनी त्यांना चोळी-बांगडीसाठी लावून दिला. (आजच्या भावाने ही चोळी केवढ्याला पडली असती!) तुम्ही आंब्याचं एक झाड तिच्या नावे करा. ते हिशेबात धरायचं नाही, आणि पुढे कधी बोलूनही दाखवायचं नाही.

५. कलमवार लिहा. तहाची कलमं १९ होती. मोटर कोणत्या वारी कोणाची, वीजबिल कोण भरणार, बांधावरचं गवत कोणाचं, जळालेल्या मोटरीचा खर्च कसा, सगळं वेगवेगळं लिहा. 'बघू रे नंतर' म्हणून सोडलेलं कलम नातवंडं कोर्टात नेतात. तंजावरकरांना लिहून ठेवायची सवयच. दुसऱ्या सरफोजींनी १८०३ मध्ये भोसल्यांचा अख्खा इतिहास बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर मराठीत कोरून घेतला.

६. सह्या झाल्या की बहुतेक लोक थांबतात. खरं तर इथेच लक्ष लागतं, कारण ज्याला नमतं घ्यावं लागलं तो आतून खचतो. व्यंकोजींनी कारभारातून मन काढलं, विरक्तीची भाषा सुरू केली. महाराजांनी पुन्हा लिहिलं: उदासी टाका, उद्योगाला लागा. या पत्रासाठी मला त्यांचं जास्त कौतुक वाटतं. वाटणी मिटली होती, लिहिलं नसतं तरी चाललं असतं. म्हणून महिन्याभराने फोन करा, जमिनीचा विषय न काढता.

मी केला. पलीकडून भाऊ म्हणाला, "बरं झालं, मोटर जळालीय." दोघं मिळून तालुक्याला वाइंडिंगवाल्याकडे गेलो. दुकानाबाहेर चहा घेतला, पैसे त्याने दिले. वाइंडिंगचा खर्च निम्मा-निम्मा, कलम चौथं.