त्रास नाही म्हणून तपासणी नको?



दवाखान्यात नोकरीला असताना बाया सांगायच्या, "सिस्टर, कंबर लई दुखायलीय." खोदून विचारलं की हळूच म्हणायच्या, "अंगावरून पांढरं जातंय." या बाया निदान यायच्या तरी. ज्यांना काहीच जाणवत नाही, त्या येतच नाहीत. आजचा लेख त्यांच्यासाठी.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये तो अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तक्रार होती ५५ टक्के स्त्रियांची. स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला ९२ टक्के स्त्रियांमध्ये! त्याआधी अशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के होत्या.

क्लॅमिडिया हा असाच मुका आजार. तो जिवाणूमुळे होतो आणि शरीरसंबंधातून पसरतो. बहुतेक बायकांना आणि पुष्कळ पुरुषांनाही लक्षणच दिसत नाही. दिसलंच तर पांढरं जाणं, लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखणं, संबंधानंतर रक्त जाणं. उपचार झाला नाही तर गर्भनळ्यांना सूज येऊन त्या बंद होऊ शकतात. मूल राहत नाही किंवा गर्भ नळीतच राहतो. बाळंतपणात बाळाच्या डोळ्यांना, फुप्फुसांना संसर्ग होऊ शकतो. आणि मूल होत नाही म्हणून 'वांझ' हा शब्द ऐकावा लागतो तो बाईलाच.

औषध मात्र साधं आहे. डॉक्टरांनी दिलेल्या प्रतिजैविक गोळ्यांनी हा आजार पूर्ण बरा होतो. चार गोष्टी ध्यानात ठेवा:

१. नवरा-बायको दोघांनीही उपचार घ्यावा. एकट्या बाईने घेतला तर आजार पुन्हा येतो.
२. गोळ्यांचा कोर्स अर्धवट सोडू नये. उपचारानंतर सात दिवस संबंध टाळावा. तीन महिन्यांनी पुन्हा तपासावं.
३. दिवस गेले असतील तर आधी सांगावं. औषध वेगळं असतं.
४. निरोध वापरल्याने धोका बराच कमी होतो.

ही तपासणी लघवीची किंवा योनिमार्गातल्या स्रावाची असते. रक्त तपासून क्लॅमिडिया कळत नाही. ती सगळ्या सरकारी दवाखान्यांत होत नाही. जिल्हा रुग्णालयात, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात 'सुरक्षा क्लिनिक' असतं. तिथे मोफत औषध मिळतं, नाव गुप्त राहतं. पण तिथला उपचार मुख्यतः लक्षणं पाहून होतो. म्हणून लक्षण नसेल तर आपणच तोंड उघडून विचारायचं, "माझी तपासणी करता का?" अमेरिकेत २५ वर्षांखालच्या, संबंध येणाऱ्या स्त्रियांना त्रास नसला तरी दरवर्षी ही तपासणी करायला सांगतात.

आजार झाला म्हणजे बाई वाईट चालीची, असं नाही. तो नवऱ्याकडूनही येतो, आणि कधी लागला हे सांगता येत नाही. भांडणाआधी उपचार करा.

१९३४ मध्ये र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला. वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरं दिली, हा गुन्हा! तेव्हा कर्व्यांचे वकील होते बाबासाहेब. त्यांनी जे कोर्टात उघड बोलून दाखवलं, ते आपण डॉक्टरांसमोर बोलायला का लाजायचं?