पडलेला शिपाई तीन फेऱ्या थांबतो

प्रश्न लातूरच्या एका वाचकाचा: नुसती बटणं बडवायची नाहीत, बुद्धिबळासारखं डोकं लागावं आणि गोष्टही दमदार असावी, असा जपानी गेम कोणता?

सुरुवात ‘फायनल फँटसी टॅक्टिक्स’नेच करावी. यासुमी मात्सुनो यांचा हा गेम १९९७ चा. गादीसाठी भांडणारी घराणी आणि त्यात वाटा वेगळ्या झालेले दोन मित्र, रामझा व डेलिटा. पटावर उंचवट्याला मोल, पाठीमागून केलेला वार अधिक नेमका बसतो. शिपाई पडला, की तीन फेऱ्यांत उठवायचा. नाहीतर तो कायमचा गेला! नवख्याचा घाम इथेच निघतो. २०२५ मध्ये हा गेम नव्या रूपात, संवादांना आवाज देऊन आला. जुनी आवृत्ती फोनवरही निघाली होती.

राजकारण आवडत असेल तर ‘ट्रायँगल स्ट्रॅटेजी’ (२०२२). मीठ आणि लोखंड यांवरून पेटलेली राज्यं. मोठा निर्णय नायक एकटा घेत नाही, साथीदार तराजूत कौल टाकतात. त्याआधी एकेकाला गाठून पटवायचं. मराठवाड्यातल्या वाचकाला हे शिकवावं लागणार नाही. संवाद मात्र लांबलचक.

‘फायर एम्ब्लेम: थ्री हाउसेस’ही सरस, पण तो फक्त निन्टेन्डो स्विचवर. यंत्र नसेल तर त्याच्या मागे लागू नये.