घातलेलें अन्न व अंगीं लागलेलें अन्न

जितकें अन्न पोटांत गेलें तितकें सर्व अंगीं लागलें, असें पुष्कळांस वाटतें. शास्त्र मात्र या दोहोंचा हिशेब निराळा ठेवितें. तो कसा मांडितात हें विद्यार्थिमित्रांस कळावें म्हणून येथें पैदाशीच्या डुकरिणीचें उदाहरण घेतलें आहे.

प्रथम खाद्यांतील एकंदर शक्ति मोजितात. खाद्याचा लहानसा नमुना पोलादी भांड्यांत ठेवून त्यांत दाबानें प्राणवायु भरितात. तें भांडें पाण्यांत बुडवून नमुना विजेच्या साहाय्यानें जाळितात, आणि पाणी किती तापलें तें पाहतात. एक किलोग्रॅम पाणी एक अंश तापविणारी उष्णता म्हणजे एक उष्मांक. एक ग्रॅम पिष्टापासून सुमारें ४.२, तर एक ग्रॅम चरबीपासून सुमारें ९.४ उष्मांक मिळतात.

परंतु अग्नि जें जाळितो तें सर्व जठराग्नीस पचतेंच असें नाहीं. लाकडाचा भुसाही त्या भांड्यांत उत्तम जळतो! म्हणून जनावरास वेगळें ठेवून एकच खाद्य मोजून देतात. त्याची संवय झाल्यावर कांहीं दिवसांची विष्ठा व मूत्र जमवून त्यांतील शक्तीही मोजितात.

समजा, खाद्यांत १०,००० उष्मांक होते व विष्ठेंत १,५०० निघाले. तर पचले ८,५००, म्हणजे शेंकडा ८५. मूत्र व आंतड्यांतील वायु यांवाटे ३५० गेले, उरले ८,१५०. त्यांपैकीं सुमारें चौथा हिस्सा अन्न खाण्यांत, पचविण्यांत व अंगीं लावण्यांत उष्णतारूपानें जातो. निव्वळ शिल्लक सुमारें ६,१०० उष्मांक.

हा हिशेब सर्व डुकरांस सारखा लागू पडत नाहीं. फ्रान्सच्या राष्ट्रीय कृषिसंशोधन संस्थेंतील झां नोब्ले यांनीं १९९३ सालीं प्रसिद्ध केलेल्या तुलनेंत असें दाखविलें कीं, वाढत्या डुकरापेक्षां प्रौढ डुकरीण तेंच खाद्य अधिक पचविते. तिचें मोठें आंतडें अधिक विस्तृत असतें व अन्न त्यांत अधिक वेळ राहतें. तेथील सूक्ष्म जंतु कोंड्यासारख्या तंतुमय भागापासून उपयुक्त आम्लें तयार करितात. म्हणून २००२ सालच्या फ्रेंच कोष्टकांत खाद्याच्या शक्तीचे दोन आंकडे दिले आहेत: एक वाढत्या डुकरांसाठीं, दुसरा डुकरिणींसाठीं.

हा भेद क्षुल्लक नव्हे. डुकरीण सुमारें ११४ दिवस गाभण असते. त्या काळांत पिलांच्या कोष्टकावरून तिला कोंड्याचें खाद्य घातलें, तर हिशेबाहून अधिक शक्ति मिळून ती लठ्ठ होते. लठ्ठ डुकरिणीस विण्यास त्रास होतो, आणि व्याल्यावर, जेव्हां दहा-बारा पिलांच्या दुधासाठीं भरपूर खाणें अवश्य, तेव्हांच तिची भूक मंदावते. मग दूध स्वतःच्या अंगांतून काढावें लागून ती खंगते, व पुन्हां माजावर येण्यास विलंब लागतो. उलट, गाभणपणीं योग्य मापानें दिलेल्या कोंड्यानें तिचें पोटही भरतें व अंगही बेताचें राहतें.

तात्पर्य, किती घातलें एवढेंच पाहून भागत नाहीं; कोणास घातलें व त्यांतील किती अंगीं लागलें, हेंही मोजिलें पाहिजे.