एक संगणक, तीन गिऱ्हाइकांची कामे

घरी बसून वेबसाइट आणि अॅप तयार करणाऱ्या आपल्या तरुणांकडे बहुधा एकाच वेळी दोन-तीन गिऱ्हाइकांची कामे असतात. एका दुकानाची साइट चालू असताना दुसऱ्याचा फोन येतो, "भाई, ऑर्डरचं पान बंद पडलंय." अशा वेळी फोल्डर शोधण्यात पाच मिनिटे गेली तर नुकसान थोडे. पण घाईत एकाचा पासवर्ड दुसऱ्याच्या कामात गेला तर धंद्याचे नावच जाते. गिऱ्हाइकाची माहिती आपल्याकडे अमानत असते. म्हणून काम बदलण्याची शिस्त शिकून घ्यावी.

मायक्रोसॉफ्टने २०१५ साली आणलेला व्हिज्युअल स्टुडिओ कोड हा एडिटर मोफत मिळतो. त्यात पुढीलप्रमाणे सोय करता येते.

१) प्रत्येक कामाचे वेगळे फोल्डर करावे. ही फोल्डरे एका मोठ्या फोल्डरात ठेवण्यास हरकत नाही. मात्र ते मोठे फोल्डर एडिटरमध्ये उघडू नये. तसे केल्यास 'सर्व फाइलींत शोधा व बदला' ही आज्ञा सगळ्याच गिऱ्हाइकांच्या फाइलींवर चालते.

२) कंट्रोल आणि आर ही बटणे एकत्र दाबली की अलीकडे उघडलेल्या फोल्डरांची यादी येते. नावाची दोन-तीन अक्षरे टाइप करून एंटर दाबावे. कर्सर टर्मिनलमध्ये नसावा, कारण तिथे याच बटणांनी जुन्या आज्ञा शोधल्या जातात.

३) नुसते एंटर दाबल्यास चालू खिडकीतच दुसरे काम उघडते. त्याआधी फाइल मेनूतून 'सेव्ह ऑल' करावे. पहिल्या कामाचा सर्व्हर चालू ठेवायचा असेल, तर विंडोजवर कंट्रोल धरून एंटर दाबावे. नवी खिडकी उघडते.

४) एकाच गिऱ्हाइकाच्या कामाचे दोन भाग असतील, जसे साइट एका फोल्डरात आणि सर्व्हरचा कोड दुसऱ्यात, तर दोन्ही जोडून फाइल मेनूतून 'सेव्ह वर्कस्पेस अॅज' करावे. पुढे ती एकच फाइल उघडली की दोन्ही भाग समोर येतात.

५) वर्कस्पेसच्या सेटिंगमध्ये खालच्या पट्टीचा रंग प्रत्येक कामासाठी वेगळा ठेवता येतो. एकाची हिरवी, दुसऱ्याची निळी. हे सेटिंग त्या कामापुरतेच राहते, वापरणाऱ्याच्या सर्वसाधारण सेटिंगमध्ये मात्र रंग बदलू नये. तो सगळीकडे लागू होतो आणि फरक कळत नाही.

यांपैकी पहिली आणि पाचवी गोष्ट आजच करावी. बटणांची सवय आठवड्याभरात होते. मात्र कितीही घाई असली तरी काही टाइप करण्याआधी पट्टीचा रंग आणि वरचे नाव पाहावे. फोनवर गिऱ्हाईक ताटकळत असले तरी एवढे पाहण्यास वेळ लागत नाही.