घरातले पिंप

लोकांचा आपल्या शासनावर किती विश्वास आहे, हे जाणण्यासाठी दर वेळी मतपेटीच उघडावी लागते असे नाही. न्हाणीघरात डोकावले तरी पुष्कळ कळते. कल्याण-डोंबिवलीत अनेक घरी पिंपे, कळशा, बादल्या काठोकाठ भरलेल्या दिसतात. तेथील नळांना मुख्यतः उल्हास नदीचे शुद्ध केलेले पाणी येते. पण ते ठराविक वेळीच. शिवाय पावसाळ्यात पंपगृहात पुराचे पाणी शिरते, उन्हाळ्यात पाणीकपात होते. ‘उद्या पाणी येणार नाही’ ही सूचना आदल्या दिवशी मिळाली, तर गृहिणी कुरकुरते खरी. परंतु बेतशीर पाणी भरून ठेवते. सूचनेवाचून नळ कोरडा पडला, की तीच पुढे महिनाभर एक पिंप अधिक भरते. ताजे पाणी आले की कालचे, चांगले असूनही, ओतून देते. अविश्वासाची किंमत ही अशी मोरीवाटे वाहून जाते!

याच ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुका आहे. तेथील भातसा आणि तानसा या जलाशयांतून मुंबईला पाणी जाते. मात्र त्याच तालुक्यातील काही पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. तेथील माणसाने शासनाच्या आश्वासनावर सहजी विसंबावे, ही अपेक्षा फार मोठी आहे.

याउलट, कराडजवळील मलकापूरने मीटर बसवून चोवीस तास पाणीपुरवठा सुरू केला. केव्हाही मिळणारे पाणी कोण कशाला साठवील? जपानमध्ये टोकियोचे रहिवासी नळाचे पाणी थेट पितात.

परंतु मिळवलेला विश्वास गमावताही येतो. अमेरिकेतील फ्लिंट शहरात खर्च वाचवण्यासाठी एप्रिल २०१४ मध्ये पाण्याचा स्रोत बदलण्यात आला. नदीच्या पाण्याने जुने नळ झिजून त्यांतील शिसे पाण्यात उतरू लागले. रंग आणि वास यांविषयी लोक तक्रार करीत होते. अधिकारी मात्र पाणी सुरक्षित असल्याचे सांगत राहिले. सप्टेंबर २०१५ मध्ये मोना हॅना-अटीशा या बालरोगतज्ज्ञ महिलेने मुलांच्या रक्तात शिसे वाढल्याचे दाखवून दिले. ऑक्टोबरमध्ये जुना स्रोत पुन्हा जोडला गेला. पुढे हजारो नळ बदलले, शिशाचे प्रमाणही मर्यादेत आले. तरीसुद्धा कित्येक कुटुंबे त्यानंतरची अनेक वर्षे पिण्यासाठी बाटलीबंद पाणीच आणीत राहिली.