घर पेडण्यात, नवरा स्विंडनला: कायम वास्तव्याचा खर्च किती?

पेडणे आणि डिचोली तालुक्यांत असं घर आता नवलाचं राहिलेलं नाही. नवरा पोर्तुगीज पासपोर्टवर स्विंडनला किंवा साउथहॉलला, बायको सासू-सासऱ्यांसोबत गावात, थोरला मुलगा दुबईत नोकरीला, धाकटी अजून शाळेत. सगळ्यांना एकत्र आणायला किती पैसे लागतील, असं विचारलं की एजंट लगेच एक आकडा सांगतो. त्या आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी घरातच एक गोष्ट पाहून घ्या: लग्नाच्या सह्या कधी झाल्या?

युरोपीय संघातून बाहेर पडताना ब्रिटनने ३१ डिसेंबर २०२० ही सीमारेषा ठरवली. त्या दिवसापर्यंत ब्रिटनमध्ये राहायला आलेल्या पोर्तुगीज नागरिकाला 'ईयू सेटलमेंट स्कीम'खाली सेटल्ड किंवा प्री-सेटल्ड स्टेटस मिळालं. ते त्याच्याकडे असेल आणि लग्न त्या तारखेच्या आत झालेलं असेल, तर बायकोसाठी या योजनेचा 'फॅमिली परमिट' फुकट मिळतो. तिथं पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत स्टेटससाठी अर्ज करायचा, त्यालाही शुल्क नाही. पुढे सेटल्ड स्टेटस, म्हणजे कायम वास्तव्य, तेही फुकट. आरोग्य अधिभार नाही, नवऱ्याच्या पगाराची अट नाही. कोणी या कामाचे लाखांत पैसे मागत असेल, तर ती सगळी रक्कम त्याची स्वतःची फी आहे.

लग्न त्या तारखेनंतरचं असेल तर हिशेब पार बदलतो. मग जोडीदाराचा नेहमीचा व्हिसा घ्यावा लागतो. एप्रिल २०२५ पासूनच्या दराने भारतातून अर्जाचं शुल्क १,९३८ पौंड आणि आरोग्य अधिभार ३,१०५ पौंड. पौंड ११५ रुपयांचा धरला तर सुरुवातीलाच ५ लाख ८० हजार रुपये. पावणेतीन वर्षांनी मुदतवाढ: १,३२१ पौंड शुल्क आणि २,५८७.५० पौंड अधिभार. पाच वर्षांनी कायम वास्तव्याचे ३,०२९ पौंड आणि 'लाइफ इन द यूके' परीक्षेचे ५०. एका माणसामागे बेरीज १२,००० पौंडांच्या वर, म्हणजे पावणेचौदा लाख रुपयांच्या आसपास जाते. क्षयरोगाची तपासणी आणि इंग्रजीची परीक्षा यांचा खर्च वेगळा. हे दर बहुधा एप्रिलमध्ये वाढतात, म्हणून पैसे भरण्याच्या दिवशी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर पुन्हा पाहा.

शिवाय नवऱ्याचं वार्षिक उत्पन्न किमान २९,००० पौंड लागतं. बायको म्हापशाला किंवा मस्कतला नोकरी करत असली तरी तिचा पगार यात धरत नाहीत. बचत मात्र दोघांपैकी कोणाचीही चालते. केवळ बचतीवर भागवायचं तर ८८,५०० पौंड सहा महिने खात्यात असावे लागतात. गोदामात पाळीवर काम करणाऱ्या माणसाला शुल्कापेक्षा ही अटच जड जाते.

आता सह्यांकडे वळू. गोव्यात सिव्हिल रजिस्ट्रारपुढे पहिल्या सह्या होतात आणि नोटिशीची मुदत संपली की दुसऱ्या. कायद्याने लग्न पक्कं होतं ते या दुसऱ्या सह्यांनी. नोव्हेंबर २०२० मध्ये मांडव घातला, अक्षता पडल्या, पण दुसऱ्या सह्या जानेवारी २०२१ मध्ये झाल्या, तर दाखल्यावर जानेवारीच येतो. आल्बम आणि लग्नपत्रिका दाखवून ती तारीख मागे जात नाही. त्याआधीपासून पती-पत्नीसारखे एकत्र राहत होता, हे कागदांनिशी सिद्ध करण्याची एक वाट योजनेत आहे. पण ती अवघड आहे. माझ्या मते या एकाच बाबतीत चांगल्या वकिलाला दिलेले पैसे सार्थकी लागतात.

मुलांच्या बाबतीत वय पाहायचं. योजनेखाली २१ वर्षांच्या आतल्या मुलाला जन्मदाखला पुरतो, २०२० नंतर जन्मलेल्या बाळालाही. एकवीस पूर्ण झाली की तो आई-वडिलांवर अवलंबून आहे हे दाखवावं लागतं, आणि दुबईत स्वतः कमावणाऱ्याला ते जवळपास अशक्यच. म्हणून मुलगा वीस वर्षांचा असेल तर बाकीचे कागद जुळेपर्यंत थांबू नका, त्याचा अर्ज आधी घाला. त्यासाठी त्याला गोव्यात बोलावण्याचं कारण नाही. राहतो त्या देशातूनच अर्ज करता येतो आणि बोटांचे ठसेही तिथेच देता येतात. नेहमीच्या व्हिसाच्या वाटेने मात्र मर्यादा १८ वर्षांची आहे आणि एका मुलाचे शुल्क-अधिभार मिळून ४,२६६ पौंड होतात. म्हाताऱ्या आई-वडिलांना योजनेत जागा आहे, तीही फुकट. मुलगा दरमहा पैसे पाठवतो आणि त्यावरच घर चालतं, हे बँकेच्या नोंदींतून दिसायला हवं. हातात दिलेल्या रोकडीचा काही उपयोग होत नाही. योजनेबाहेर त्यांच्यासाठी तीन हजारांहून अधिक पौंड भरूनही होकार क्वचितच मिळतो.

गोव्यातला कागदांचा खर्च यापुढे किरकोळ वाटतो, पण अर्ज अडतात ते इथेच. पेडणे आणि डिचोलीच्या जुन्या जन्मनोंदी पोर्तुगीज धाटणीत लिहिलेल्या आहेत. आजोबांच्या नोंदीत परबांचे 'पोरोबो' झालेले, नाईकांच्या स्पेलिंगमध्ये 'क्यू' आलेला, शेटांचं आडनाव 'एक्स'ने सुरू झालेलं. त्यात बाईचं जन्मनोंदीत माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, आणि मुलाच्या दाखल्यात आईचं तिसरंच. अर्ज वाचणाऱ्या परदेशी अधिकाऱ्याला ही तीन माणसं वाटतात. साधा फरक असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र पुरतं. मोठा फरक रजिस्ट्रारकडून किंवा न्यायालयातून दुरुस्त करावा लागतो आणि त्यात महिने जातात. पोर्तुगीज भाषेतल्या दाखल्याला प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा. पोर्तुगालला पाठवायच्या कागदांवर अपॉस्टिल लागतं; परराष्ट्र मंत्रालयाचं शुल्क दर कागदामागे ५० रुपये, वर नेमलेल्या संस्थेचा सेवा आकार. याहून खूप मोठी रक्कम कोणी सांगितली तर पावती मागा.

"आधी पोर्तुगीज करू, मग लंडन," हा सल्ला अजून विकला जातो. १ जानेवारी २०२१ पासून तो फोल आहे. आज नव्याने पोर्तुगीज झालेल्या माणसालाही ब्रिटनमध्ये राहायला व्हिसा लागतो. पोर्तुगीज नागरिकाच्या प्रौढ मुलाच्या नोंदणीला १७५ युरो, अल्पवयीन मुलाची नोंदणी फुकट. पण त्या पासपोर्टने दार उघडतं ते युरोपीय संघातलं. तिथे मात्र लाभ मोठा आहे. पोर्तुगीज नवरा आयर्लंडमध्ये नोकरी करत असेल, तर भारतीय बायकोला त्या नात्याने व्हिसा फुकट मिळतो, निवास कार्डाचं शुल्क माफ होतं आणि पाच वर्षांनी कायम वास्तव्याचा हक्क येतो. २०२० नंतर लग्न झालेल्यांनी ब्रिटनचे पावणेचौदा लाख उभे करण्याआधी या वाटेचा विचार जरूर करावा.

पोर्तुगीज झालेल्याच्या परतीचा खर्चही याच वहीत मांडा. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. मतदार ओळखपत्र आणि भारतीय पासपोर्ट तसेच वापरत राहणं धोक्याचं आहे. गावी आयुष्यभर येऊन-जाऊन राहायचं तर ओसीआय कार्ड हवं: भारतात अर्ज केला तर १५,००० रुपये, परदेशात २७५ डॉलर. पासपोर्ट परत करण्याऐवजी तो सरकारनेच रद्द केला म्हणून अनेक गोवेकरांचे अर्ज अडले होते. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राने रद्द केल्याचा आदेशही ग्राह्य धरला. ओसीआयधारकाला शेतजमीन किंवा बागायत विकत घेता येत नाही, वारशाने आलेली ठेवता येते. त्यामुळे पेडण्यात काजूची बाग घ्यायचं मनात असेल, तर ते पासपोर्ट बदलण्याआधी ठरवा.

एजंट घेतलाच तर पैसे टप्प्याटप्प्याने द्या आणि सरकारी शुल्क स्वतःच्या कार्डावरून भरा. अर्जात ईमेल आणि मोबाइल नंबर तुमचाच घाला. ब्रिटनचं स्टेटस आता ई-व्हिसाच्या रूपात ऑनलाइन खात्यात असतं, आणि त्या खात्याचा ईमेल-नंबर एजंटचा असेल तर विमानतळावर ते उघडून दाखवायलाही त्यालाच फोन लावावा लागेल.