संगतीनं लागलेलं संगतीनं सोडू या

बयो, तू मशेरी सोडायचं मनावर घेतलंस आणि जावईबापूही बिडी सोडायचं म्हणतायत, हे ऐकून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! तू विचारलंस, "आधी त्यांची सुटू दे, मग माझं बघते, चालेल ना?" नाही गं, असं मागंपुढं करू नकोस. दोघं एकाच दिवशी सोडा. जमलं तर थोरल्या जाऊबाईंनाही बरोबर घे. मशेरी काय, बिडी काय, कुणाला एकट्यानं लागत नाही. मग सोडताना तरी एकट्यानं का झुंजायचं?

आपल्याकडं मशेरी लागते कशी ते आठव. दाढ ठणकायला लागली की घरातलं कुणीतरी म्हणतं, "जरा मशेरी लाव, थांबेल." घटकाभर बरं वाटतं. पुढं लग्न होऊन सासरी गेलं की पहाटे परसात चारजणी मध्ये डबी ठेवून बसलेल्या दिसतात. सासुरवाशिणीला दिवसभरात उसंत मिळते ती तेवढीच. बोट डबीत जातं, मनातलं बोलणं होतं, मग चूळ भरून जी ती कामाला लागते. म्हणून "मशेरी सोड" म्हटलं की बाईच्या पोटात गोळा येतो. तिला वाटतं, आपली ती हक्काची घटकाही गेली. हे ज्याला कळलं त्यालाच तिला मदत करता येईल. तुम्ही जावाजावा तंबाखू टाका, पण ती पहाटेची घटका टाकू नका. तेव्हाच एकत्र बसा. डबीच्या जागी चहाचे कप ठेवा, पण बसा.

पुष्कळजणी म्हणतात, "मी कुठं तंबाखू खाते? नुसती मशेरी लावते." अगं, तंबाखूची पानं तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची आणि कुटायची, हीच तर मशेरी. भाजल्यानं तिच्यातलं विष जळून जात नाही. तोंडाच्या आतली कातडी नाजूक असते, तिथून निकोटिन सरळ रक्तात उतरतं. भाजताना घरभर धूर होतो तो लेकराबाळांच्या छातीत जातो, ते वेगळंच. आणि दात साफ होतात म्हणशील तर, दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला सरकारनं १९९२ सालीच बंदी केली आहे. तंबाखूनं दात राखले जात असते तर ती वेळ आली असती का? उलट हिरड्या खाली सरकतात, दात हलायला लागतात, आणि तोंडाच्या कॅन्सरची भीती कायम मानगुटीवर बसते.

आपण बायका याबद्दल उघड बोलत नाही, म्हणून प्रत्येकीला वाटतं की आपण एकटीच आहोत. २०१६-१७ साली देशभर तंबाखूची मोठी सरकारी पाहणी झाली. त्यात आपल्या राज्यातल्या दर १०० बायकांमागं १७ जणी कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेताना आढळल्या. ओढणाऱ्या १०० मध्ये दोनसुद्धा नव्हत्या. बाकीच्या सगळ्या मशेरीवाल्या नाहीतर खाणाऱ्या. पुरुषाची बिडी चारचौघांत दिसते, त्याला चार माणसं टोकतात, सोडतो म्हटला तर पाठ थोपटतात. बाईची डबी पदराआड असते. तिला कुणी टोकत नाही आणि सोडायचं ठरवलं तर कुणी विचारतही नाही. म्हणून तर तुला सांगते, बायकांनीच बायकांना धरून राहिलं पाहिजे.

तुमचं आता दुसऱ्या बाळाचं चाललंय, तेव्हा हेही सांगून ठेवते. कराडच्या वैद्यकीय संस्थेतल्या डॉक्टरांनी मशेरी लावणाऱ्या गरोदर बायकांचा अभ्यास केला होता, तो २०१० साली छापून आला. मशेरी लावणाऱ्यांच्या बाळंतपणात जास्त अडचणी आल्या, बाळं वजनानं कमी भरली. पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. समजावून सांगितल्यावर ज्यांनी गरोदरपणात मशेरी सोडली किंवा अगदी कमी केली, त्यांचं बाळंतपणही सुधारलं आणि बाळांचं वजनही. म्हणजे दिवस गेल्यावर सोडली तरी उपयोग होतो. आधीच सोडलीस तर सोन्याहून पिवळं. अंगावर पाजणाऱ्या आईच्या दुधातूनही निकोटिन बाळाच्या पोटात जातं, तेव्हा बाळंतपणानंतर "आता काय हरकत आहे" असं म्हणणारी कुणी भेटलीच तर तिचं ऐकू नकोस.

आता दोघांनी मिळून सोडायचं का, ते ऐक. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या हजारो माणसांवर तीस वर्षांहून जास्त काळ नजर ठेवून केलेला एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. नवराबायकोतल्या एकानं सिगारेट सोडली की दुसऱ्याची ओढत राहण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी घटली, असं त्यात दिसलं. माणसं एकेकटी नाही, तर गटागटानं सोडत गेली होती. गाव अमेरिकेतलं असलं तरी माणसाचा स्वभाव तोच. समोरचा ओढत असताना आपण हात आवरायचा, हे फार कठीण असतं. समोरचाही आवरतोय म्हटलं की बळ येतं.

मग करायचं कसं? आधी दिवस ठरवा. पेरणीच्या धामधुमीत किंवा घरात लग्न असताना नको. आपल्याकडं चातुर्मासात कुणी वांगं सोडतं, कुणी कांदा-लसूण. नेम धरायचा आणि पाळायचा, हे आपल्या हाडीमाशी आहे. तसाच हा नेम समजा. फक्त कडक उपवासाच्या दिवशी सुरुवात करू नका. पोट रिकामं असलं की तलफ जास्त छळते. आदल्या रात्री डब्या धुऊन टाका, मशेरीचा तवा घरातून काढा, बिडीचं बंडल आणि काडेपेटी जावईबापूंच्या खिशातून बाहेर निघू दे. "थोडी राहू दे, अडीअडचणीला" असं म्हणून कुणी फडताळात पुडी दडवायची नाही.

पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात जड जातात. डोकं जड होईल, झोप मोडेल, उगाच रडू येईल, शब्दानं शब्द वाढेल. मशेरीवाल्या बायकांची ठरलेली तक्रार म्हणजे पोट साफ होत नाही. लाजू नकोस, हे खरोखरच होतं. निकोटिनची आतड्यांना सवय झालेली असते, ती मोडायला वेळ लागतो. सकाळी उठल्याबरोबर कोमट पाणी, जेवणात पालेभाजी, रात्री भिजवलेल्या मनुका, थोडं चालणं, एवढ्यानं बहुतेकींचं भागतं. दोन ते चार आठवड्यांत हे सगळं बरंचसं ओसरतं. हे आधीच घरात सांगून ठेव. सासूबाईंनाही सांग, "पुढचे पंधरा दिवस मी जरा चिडचिडी होईन, सांभाळून घ्या." माहीत असलं की माणसं सांभाळतात. माहीत नसलं की म्हणतात, "हिला काय झालंय?"

तलफ एकदा आली की संपणारच नाही असं वाटतं, पण काही मिनिटांत ती उतरते. तेवढी मिनिटं कुणीतरी सोबत हवं. तुम्ही जावाजावांनी ठरवून ठेवा, की जिला तलफ आली तिनं दुसरीला हाक मारायची. मग दुसरीनं हातातलं काम ठेवून यायचं. उपदेश करायचा नाही. "चल, पाणी आणू," "चल, शेंगा फोडू," एवढंच म्हणायचं. हात गुंतले की बोट डबीकडं जात नाही. तोंडात बडीशेप, लवंग, ओवा, धणाडाळ धरा. सुपारी मात्र नको, तिनंही कॅन्सर होतो. सकाळचा क्रम थोडा बदला. उठल्या उठल्या ब्रशनं दात घास, अंघोळ उरक, मग चहा. रातभर निकोटिन मिळालेलं नसतं, म्हणून सकाळची पहिली तलफ सगळ्यात दांडगी. ती घटका निभावली की पुढचा दिवस हलका जातो.

जावईबापूंच्या बाबतीत एक सांगू? त्यांचा पहारा करू नकोस. तोंडाचा वास घेणं, खिसे तपासणं, लेकराला "बघ, पप्पा ओढतायत का" म्हणून मागं पाठवणं, यातलं काही करू नकोस. ज्याच्यावर पाळत ठेवली जाते तो लपवायला शिकतो. आणि लपून ओढणाऱ्याला मदत कशी करायची? त्यापेक्षा रोज संध्याकाळी दोघं बसा आणि एकमेकांना विचारा, "आज कुठल्या वेळी जड गेलं?" ते म्हणतील, जेवल्यावर. मग जेवल्यावर दोघं वेशीपर्यंत चालून या. ते म्हणतील, टपरीवर चहा घेताना. मग काही दिवस चहा घरून थर्मासमधून द्या. त्यांच्या दोस्तांनाही त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगावं, "मी सोडली आहे, मला देऊ नका." खरा दोस्त असेल तो समोर पेटवणार नाही. बिडी सिगारेटपेक्षा हलकी, असं ते म्हणतात ना? तसं नाही. बिडी विझू नये म्हणून झुरके जोरानं आणि वरचेवर मारावे लागतात, त्यामुळं धूर आणि विष छातीत जास्तच जातं. हेही त्यांना सांग, की सोडल्यापासून एका दिवसात रक्तातला विषारी कार्बन मोनॉक्साईड उतरतो आणि वर्षभरात हृदयविकाराचा वाढलेला धोका जवळपास निम्म्यावर येतो. भीती घालण्यापेक्षा पदरात काय पडणार आहे ते सांगितलेलं माणसाला जास्त पटतं.

आणि बयो, कधीतरी पाय घसरेल. तुझा घसरेल, त्यांचा घसरेल, जाऊबाईंचा घसरेल. माहेरच्या लग्नात कुणीतरी डबी पुढं करेल आणि बोट जाईल. त्या दिवशी "बघ, मी म्हणत नव्हते?" हे वाक्य घरात कुणाच्याही तोंडून निघता कामा नये. त्या एका वाक्यानं माणूस पुन्हा डबीकडं वळतो. जिचा पाय घसरला तिनं लपवायचं नाही आणि जिनं ऐकलं तिनं रागवायचं नाही. कुठं घसरलं, कशानं घसरलं, एवढं बोलायचं आणि त्याच दिवसापासून नेम पुढं चालू ठेवायचा. "सोमवारपासून बघू" म्हणायचं नाही. बहुतेकांना सोडायला एकाहून जास्त वेळा झटावं लागतं. मागं जमलं नव्हतं याचा अर्थ पुढं जमणार नाही असा होत नाही.

फक्त मनाच्या जोरावर भागत नसेल तर मदत घ्यायला लाजायचं नाही. तंबाखू सोडू पाहणाऱ्यांसाठी सरकारचा मोफत फोन नंबर आहे, १८००-११-२३५६. तंबाखूच्या पाकिटांवरही २०१८ पासून तो छापलेला असतो. तिथले समुपदेशक ऐकून घेतात, वेळ ठरवून पुन्हा फोन करून चौकशी करतात. निकोटिनचं च्युइंगम मिळतं, पण ते नेहमीच्या गोळीसारखं चघळत राहायचं नसतं. थोडं चावायचं, तिखट लागलं की गालात धरून ठेवायचं, चव गेली की पुन्हा चावायचं. तू मात्र बाळाचा विचार करते आहेस, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही घेऊ नकोस. आणि ज्या दाढेपायी हे सगळं सुरू झालं ती आधी दातांच्या डॉक्टरांना दाखव. दाढ ठणकत राहिली तर मशेरी पुन्हा बोलावणारच. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन-तीन आठवडे न भरणारी जखम असेल, तोंड पूर्वीसारखं उघडत नसेल, तर एक दिवसही थांबू नका. वेळेवर दाखवलं तर इलाज होतो.

शेवटचं सांगते. तुझं सुटलं की तिथंच थांबू नकोस. तुमच्या बचत गटात विषय काढ, आशाताईंना बोलाव, मशेरीचे वाचलेले पैसे गटात वेगळे जमा करा. गडचिरोलीत 'मुक्तिपथ' अभियानानं दारू आणि तंबाखूविरुद्ध गावोगावी माणसांना संघटित करून काम उभं केलंय. आपल्या वाडीत दहा-बारा बायकांनी एकमेकींना धरून राहणं काही अशक्य नाही. घरात नवी सून येईल तेव्हा तिच्यापुढं डबी सरकवणारं कुणी उरलं नाही, तर तिला सोडायची वेळच येणार नाही. तेव्हा आज रात्री जावईबापूंशी बोल, उद्या पहाटे जाऊबाईंशी बोल, आणि तिघांनी मिळून दिवस ठरवा. ठरला की मला फोन कर. पहिले आठ दिवस रोज सकाळी मी तुम्हाला फोन करीन.